दादाच्या मेंदूतलं एन्झाइम

६ फेब्रुवारी

बोटं परत पिवळी. उंदरांच्या पाठीवर पिक्रिक अॅसिडच्या खुणा केल्या, ग्लोव्ह फाटका निघाला. घराशी स्कूटी लावली तर शेजारच्या मेश्रामकाकू कुंपणावरून, "अव प्रणाली, हळद लागली का वं? आमाले बोलावलं नाई!" दर बॅचला हाच विनोद. मीही दर वेळी हसते.

शेवटची बॅच संपली एकदाची. डोक्यावर खूण असलेला नर दारूचं इंजेक्शन दिल्यावर खोक्यात असा पळत सुटला की काउंटरवरचा आकडा वाचेपर्यंत पुढचा यायचा. त्याचा सख्खा भाऊ, तेवढंच वजन, तेवढीच दारू, कोपऱ्यात बसून मिशा पुसत होता. आता दोघांचे मेंदू डीप फ्रीझरमध्ये शेजारी शेजारी.

सर खूश. "बढ़िया. अब लिखना शुरू करो, मई में जमा." मुदतवाढ एकदा घेऊन झाली आहे, परत मिळायची नाही. थीसिस इंग्रजीत, सर हिंदीत. ही वही तेवढी मराठीत राहिली.

दादा आजही पिऊन आला. बाबा ताट तसंच ठेवून आतल्या खोलीत गेले.

९ फेब्रुवारी

कॅट मोजलं. (कॅटलेज, मेंदूतलं एन्झाइम. उंदरांच्या लॅबमध्ये कॅट. साहूला अजून हसू येतं, मागच्या वर्षीच आला ना.) पळणाऱ्याचं जास्त, बसणाऱ्याचं कमी. सगळ्या बॅचेसमध्ये हेच. दारू मेंदूत पोचली की कॅट तिचं दुसरंच काहीतरी करून टाकतं, आणि उंदराला नाचवतं ते हे दुसरं. ज्याच्या मेंदूत कॅट जन्मतःच जास्त, तो जास्त नाचणार. एटी, म्हणजे कॅट बंद पाडणारं औषध, टोचलं की कॅट गप्प बसतं, उंदीरही गप्प.

ग्राफवर ठिपके बघत बसले. एका रेषेत. डोक्यावर खूण असलेला सगळ्यात वरच्या टोकाला. आणि मला एकदम दादा आठवला, तिथे वरच्या टोकाला. एकाच घरात वाढलो आम्ही. बाबांनी तर आयुष्यात एक थेंब घेतला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेलो सगळे. रिसालीतल्या आमच्या विहारात वंदना बाबाच घेतात, रिटायर झाल्यापासून. ब्लास्ट फर्नेसला जन्म गेला, आवाज अजून भट्टीवर हाक मारल्यासारखा.

पाचवं शील, दारू न पिण्याचं, आलं की मी नुसती ते संपायची वाट बघते. मागच्या वर्षी बाबांनी दादाला सांगून टाकलं, "चारच म्हन. पाचवं म्हनू नको. दारू पिऊन राहिला अन् पिनार नाई म्हनशीन, तर खोटं न बोलायचं चौथं पन मोडून जाईन." तेव्हापासून सगळा विहार पाचवं म्हणतो आणि दादा ओठ मिटून मांडीकडे बघतो. बायका करुणा वहिनीकडे बघतात. वहिनी मूर्तीकडे बघते.

आजही तेच. घरी आल्यावर चहा झाला, आणि मी बोलून गेले. ग्राफ दाखवला मोबाइलवर. बाबांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, की बाबा, दोन भट्ट्यांत माल एकच टाकला तरी एक जास्त तापते, तिचं अस्तरच तसं असतं.

बाबांनी चष्मा काढून ग्राफ बघितला. "म्हंजे याच्या हातात नाई?"

मी म्हटलं, पूर्ण नाही.

त्यांनी "नाही" एवढंच ऐकलं. मला ते तेव्हाच दिसलं आणि मी दुरुस्त केलं नाही. दादा दारात उभा होता, त्याचा चेहरा किती हलका झाला होता. कसं करणार होते मी?

१३ फेब्रुवारी

बाबा दादाला न ओरडता म्हणाले, "जेवला का रे सिद्धार्थ?"

बस एवढंच. आई स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून रडली. वहिनी मला म्हणाली, "ताई, तुम्ही जादू केली."

१८ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी विहारात जायच्या आधी दादाला बोलावलं. "आज पाचवं पन म्हन. तुले बीमारी हाये. बीमार मानूस खोटा नसते."

दादानं म्हटलं. आवाज बसका, शब्द अर्धे विसरलेले. मी पुढचं म्हणायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिले. इतकी वर्षं उंदीर मारले त्याचं काहीतरी झालं असं पहिल्यांदा वाटलं. 

२४ फेब्रुवारी

वहिनी आज गच्चीवर कपडे वाळत घालताना हळूच, "ताई, उंदराले देता ते आनता का थोडंसं? मी वरनात टाकून देईन, यायले कळनार बी नाई."

एटी म्हणजे शेतात गवत मारायचं औषध आहे वहिनी, माणसाला देत नाहीत.

"मंग गवतच त मारायचं हाये न."

हसलो दोघी. मग ती हसायची थांबली आणि चिमटे लावत राहिली. खरंच मागत होती ती.

२ मार्च

नीट लिहायचं आहे.

थीसिससाठी फोटो हवे होते म्हणून फ्रीझरमधून जुन्या ट्यूब काढल्या. मेंदू वाटून, यंत्रात गरगर फिरवून वरचं पाणी वेगळं ठेवलेलं असतं, ते. स्टँडला ओळीने लावल्या, खाली पांढरा कागद. आणि दिसलं. काही ट्यूब स्वच्छ, काही गुलाबी. डोक्यावर खूण असलेल्याची तर सरबतासारखी.

गुलाबी म्हणजे रक्त.

रक्तात कॅट भरभरून असतं. मेंदूपेक्षा कितीतरी जास्त. हे मला माहीत आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे, जुनिअरना शिकवलेलं आहे. आमच्या लॅबमध्ये मेंदू काढला की बर्फाच्या सलाइनमध्ये धुवायचा, टिपकागदावर फिरवायचा, पुढे. वरून धुतलं की आतल्या बारीक नसांतलं रक्त निघतं थोडंच. त्यासाठी जनावर बेशुद्ध असताना हृदयातून सलाइन सोडून सगळं रक्त आधी काढून टाकावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून आमच्या लॅबमध्ये ते कोणीच करत नाही. माझ्या सीनिअरनी केलं नाही, त्यांच्या सीनिअरनी केलं नाही. मी पहिल्या दिवशी हेच शिकले आणि कधी विचारलं नाही.

जो उंदीर नुकताच जिवाच्या आकांताने पळून आलाय त्याच्या मेंदूत रक्त जास्त असणारच.

म्हणजे मी काय मोजलं?

३ मार्च, रविवार

विहारात गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं.

५ मार्च

सगळ्या ट्यूबमधलं हिमोग्लोबिन मोजलं, त्याच मशीनवर. साहू शेजारी बसून आकडे लिहीत होता. अर्ध्यातच त्याला कळलं. पेन थांबलं.

"दीदी, अपने यहाँ तो सब ऐसे ही करते हैं."

हो. सब ऐसे ही करते हैं.

जिथे कॅट जास्त तिथे रक्त जास्त. सगळीकडे नाही, पण बहुतेक. एटीचा प्रयोग उभा राहील, तिथे उंदीर शांत झालेत ते डोळ्यांनी दिसतं. पण "जन्मतः ज्याच्यात जास्त तो जास्त नाचतो" हा भाग, थीसिसचा कणा, गेला. घरी मी नेमका तोच सांगितला होता.

लॅबमागच्या पायऱ्यांवर बसून रडले. रिकाम्या पिंजऱ्यांतला धानाचा कोंडा उडून तोंडात जात होता. वाटलं, ट्यूब ओतून द्याव्या सिंकमध्ये, कोणाला कळणार आहे. मग साहूला कळलंय हे आठवलं, आणि त्याचा राग आला, बिचाऱ्याचा.

७ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"ये किसी ने पूछा है?" नाही. "तो तुम क्यों पूछ रही हो?"

मग समजावणीच्या सुरात, की एक ओळ टाक, मर्यादा म्हणून. मेंदू धुतला होता लिही, धुतला होता हे खोटं नाही. डिग्री घे, नोकरी लाग, नंतर आयुष्यभर शुद्ध विज्ञान कर.

खोटं नाही. बरोबर. घरी मी तरी कुठे खोटं बोलले होते? "पूर्ण नाही" म्हटलं होतं.

१५ मार्च

लिहिता येत नाही. थीसिसही नाही, हेही नाही. जेवण जात नाही. आई विचारते, "कावून वं, अशी वाळून कावून राहिली?" मी म्हणते थीसिस.

२४ मार्च, रविवार

विहारात वंदनेनंतर बाबा थांबले आणि सगळ्यांना म्हणाले, दारू पिणाऱ्याला हिणवू नका, मेंदूत एक एन्झाइम असते, माझ्या पोरीनं शोधून काढलं. मी शोधून काढलं! जगात किती लोक यावर काम करतात, बाबा. पण ते बोलत होते आणि दादा मान वर करून बसला होता. मान वर करून बसलेला दादा मी किती वर्षांनी बघत होते.

बाहेर मेश्रामकाकूंनी हात धरला. विनोद नव्हता चेहऱ्यावर. "बाई, आमच्या यायचं पन तपासून देशीन का ते? मी लय शिव्या देत आली त्याहीले आजवर."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

१ एप्रिल

दादाच्या प्लांटच्या गेटवर परवा फुंकर मारायची तपासणी झाली. मशीन वाजलं. ठेकेदारानं गेटपास काढून घेतला. क्रेन चालवतो तो, गरम लोखंडाच्या वर.

मला वाटलं, आता बाबा फाडून खातील. बाबा म्हणाले, "त्याले काय बोलनार? बीमारी हाये." आणि पेपर उघडला.

वहिनी आतून ऐकत होती. मला म्हणाली, "पयले निदान भांडत त होते कोनी त्याहीच्याशी." पद्मनाभपुरला माहेरी जाऊन येते म्हणाली दोन दिवस. जाताना मोठी बॅग घेतली.

१४ एप्रिल

मिरवणूक, निळे झेंडे, डीजे, उन्हाचा कहर. संध्याकाळी स्टेजवर बाबांचं भाषण. मला माहीत होतं काय येणार. "माही लेक डॉक्टर होऊन राहिली," मग एन्झाइम, मग उंदीर, मग टाळ्या. लोक वळून बघत होते माझ्याकडे. मी निळ्या साडीत, हात जोडून.

बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघवेना.

सगळ्यांनी शिका, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यासमोर मी शिकलेली बाई लोकांना चुकीचं सांगते आहे, बापाच्या तोंडून. दादा तिथे नव्हताच. खुर्च्या उचलायच्या वेळी कोणीतरी येऊन म्हणालं, मैदानामागे पडलाय.

१९ एप्रिल

दादाचे डोळे पिवळे. माझ्या बोटांसारखे पिवळे, मेश्रामकाकू काही म्हणाल्या नाहीत. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट. लिव्हर सुजलंय. डॉक्टर तरुण मुलगी, माझ्याच वयाची. ती दादाशी बोलली नाही, आमच्याशी बोलली. आता एक घोट गेला तरी मी काही सांगू शकत नाही म्हणाली.

वहिनी आली परत. बॅग तशीच, न उघडलेली, खाटेखाली.

२३ एप्रिल

सांगून टाकलं दादाला.

दुपारची वेळ, आई डबा आणायला घरी गेली होती, वहिनी औषधाच्या रांगेत. तो पडल्या पडल्या म्हणाला, "तुह्या उंदराची पन होते का अशी हालत?" नाही, म्हटलं, त्यांची आम्ही होऊ देत नाही, त्याआधीच मारतो. तो हसला. आणि मला राहवलं नाही. रक्ताचं सगळं सांगितलं. दादा, मी तुला जे म्हटलं ते बहुतेक चूक होतं. तुझ्या मेंदूत काय आहे मला माहीत नाही.

मला वाटत होतं तो कोसळेल. मी त्याचा हातच धरून ठेवला होता.

त्याने हात सोडवून घेऊन उशी सारखी केली. मग म्हणाला, "खोटं निघालं त बरं होईन वं."

कावून, मी विचारलं. 'का' म्हणायचं सोडून माझ्याही तोंडून आईसारखं कावूनच निघालं.

"पयले मी रोज सोडत होतो. रोज सकाळी. संध्याकाळी पेत होतो ते वेगळं, पन सकाळी सोडत होतो. तू सांगतलं की डोक्यातच हाये, तवापासून सोडनंच सोडलं. म्हटलं, जे हातातच नाई त्याच्याशी कायले लढायचं. बाबा पन लढनं सोडून बसले. करुणा पन. मले वाटे, मेलो मी, अन् सगळे मयतीले आल्यावानी मयाळू वागून राहिले."

वहिनी आली गोळ्या घेऊन. त्याने पाण्यासाठी हात पुढे केला.

मी हे सगळं त्याच्यासाठी केलं होतं. त्याला विहारात मान वर करता यावी म्हणून. आणि त्याला मीच ढकललं. कोणाला सांगू हे? ज्याला सांगितलं त्यानं "बरं होईन" म्हटलं, आणि तेच सहन होत नाही.

२५ एप्रिल

सरांकडे गेले. परत करणार म्हटलं, नीट, रक्त काढून. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्यातली थोडी जनावरं वापरायची उरली आहेत, नवी परवानगी लागणार नाही.

"और अगर उल्टा आया?"

मग उलटं लिहीन.

"जमा नहीं होगा मई में." चिडले होते. पण सलाइनचा स्टँड आणि रक्त गोठू न देणारं हेपरिन काढून दिलं कपाटातून. सील न फोडलेलं. एक्स्पायरी उलटून गेलेली. नवीन मागवावं लागलं.

२८ एप्रिल, रविवार

बाबांना सांगितलं. ते गच्चीवर लोणच्याच्या फोडी उलटत होते. सगळं ऐकून घेतलं, फोडी उलटत उलटत.

"मी लोकायसमोर बोललो, प्रणाली. चौदा तारखेले. माइकवर."

माहीत आहे बाबा.

"तुले तवा माहीत होतं?"

हो.

त्यांनी हात पुसले आणि खाली गेले. त्यानंतर विहारात वंदना त्यांनीच घेतली, कारण दुसरं कोणी घेत नाही. चौथ्या शीलाला थांबले. लोकांनी त्यांच्याशिवायच ओढून नेलं. बऱ्याच जणांना वाटलं विसरले, वय झालं. पाचवं त्यांनी नेहमीसारखं म्हटलं.

घरी आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. आता माझी पाळी.

४ मे

दादा घरी. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात, रोज करुणा वहिनी हातावर ठेवते. हात इतके कापतात की वरण चमच्यातून सांडतं. घामाने बनियन भिजतं. कूलरसमोर बसून असतो. पीत नाही अजून. "अजून" लिहायला नको होतं.

बाबा आज सकाळी ओरडले त्याच्यावर, आंघोळ करून घे म्हणून. दादा उलट ओरडला. आई मधे पडली. मला वाटलं आता सगळं तुटतंय आणि बघते तर वहिनी भांडी घासता घासता गालातल्या गालात हसत होती.

९ मे

पर्फ्यूजन, म्हणजे हृदयातून सलाइन सोडणं, शिकले. वाचून. पहिला बिघडला, सुई हृदयाच्या आरपार. दुसऱ्याला जमलं. सलाइन आत जायला लागलं की लिव्हर हळूहळू फिकं पडत जातं, तांबडं, मग मातकट. पुढचा भाग मला बघवत नाही असं वाटलं होतं. पण मेंदू निघाला तेव्हा मी आणि साहू दोघंही वाकून बघत राहिलो. पांढरा. इतकी वर्षं मी पांढरा मेंदू बघितलाच नव्हता, आणि मला ते कळलंही नव्हतं.

साहू म्हणाला, "दीदी, मेरा भी सब फिर से करना पड़ेगा ना?" हो रे. त्याचं पहिलंच वर्ष वाया, पण माझ्यासारखी सगळी तरी नाहीत.

या वेळी मोजणाऱ्याला कळू नये कोण पळालं, कोण बसलं. साहू ट्यूबवर नुसती अक्षरं लिहितो. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही आता.

१५ मे

रोज संध्याकाळी दादा विचारतो, "काय म्हन्ते डबी?" स्पेक्ट्रोला, आमच्या कॅट मोजायच्या मशीनला, तो डबी म्हणतो. बाबा त्याच वेळी पेपरमागून कान देतात, त्यांचं पान उलटायचं थांबतं.

बाबांना ते खरं निघायला हवंय. म्हणजे ते स्टेजवर खोटं बोलले नाहीत आणि पोरगा दोषी नाही. दादाला खोटं निघायला हवंय. आणि मला? थीसिससाठी खरं निघायला हवं. दादासाठी खोटं. आज ट्यूब हातात घेतली आणि हात थांबला. मशीन चालू होतं, दिवा पेटलेला, आणि मला कोणता आकडा हवा तेच ठरेना. हे असं व्हायला नको विज्ञानात. साहू म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, तुला अक्षरं माहीत आहेत, एमएस्सीच्या मुलीला मोजू दे.

बाहेर जाऊन उभी राहिले. हायवेवरून ट्रक जात होते, एकामागून एक, सळ्या लादलेले. एक जरी ड्रायव्हर पिऊन असेल तर त्याच्या मेंदूत कॅट किती असेल, असं डोक्यात आलं. वेड लागतंय मला.

१८ मे

मशीन बंद, दिवा उडाला. नवीन दिवा नेहरू नगरच्या डीलरकडे नाही, रायपूरहून येणार. सरांनी स्वतः फोन केला.

दादा दुपारी दोन तास घरात नव्हता. आला तेव्हा आई, वहिनी, मी, तिघी एकदम दारात. त्याने सगळ्यांच्या तोंडासमोर फुंकर मारली, एकेकीच्या. "घ्या, तपासा." मग पिशवीतून टरबूज काढलं. वहिनी रडायला लागली आणि तो वैतागला, "टरबुजाले कोनी रडते का वं!"

२१ मे

आकडे आले. कोणतं अक्षर कोणत्या उंदराचं ते साहूने सांगितलं, मी ग्राफ काढला.

थोडं आहे.

पांढऱ्या मेंदूंमध्येही, जो जास्त पळाला त्याचं कॅट थोडं जास्त. पण पूर्वीसारखी रेष नाही. ठिपके विखुरलेले, अंगणात सांडलेल्या तांदळासारखे. मुद्दाम बघितलं तर चढ दिसतो. खूप पळालेल्यांतही कमी कॅट असलेले आहेत. कोपऱ्यात बसलेल्यांतही जास्त असलेले. सरांनी बघितलं, "कुछ तो है ना? बस, लिखो." आणि खांद्यावर थोपटलं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मुदतीचं बघतो म्हणाले, विद्यापीठात बोलतो.

संध्याकाळी घरी आले. दादा अंगणात पाईप लावून कूलरमध्ये पाणी भरत होता. बाबा खुर्चीवर. दोघांनीही विचारलं नाही, माझं तोंड बघून.

मीच सांगितलं. या वेळी भट्टीबिट्टी काही नाही. खरं आहे, पण थोडंच आहे. बाकी कशामुळे ते आम्हाला माहीत नाही.

बाबा म्हणाले, "थोडं त हाये न?" मी म्हटलं, थोडं आहे. तीन आठवड्यांनी माझ्याकडे बघून बोलले एवढं तरी झालं.

दादाने पाईप खाली टाकला. पाणी वाहत राहिलं फरशीवर. 

"थोडं त्या एन्झाइमचं," तो म्हणाला. "मंग बाकीचं कोनाचं?"

टोमणा नव्हता. तो थांबला होता, खरंच उत्तरासाठी, ओले हात तसेच धरून. माझं, म्हणावंसं वाटलं. बाबांचं, तुझं, त्या ठेकेदाराचं, सगळ्यांचं. पण हे मी कुठे मोजलंय? एकदा न मोजता बोलले होते मी त्याच्याशी.

माहीत नाही दादा, म्हटलं.

त्याने मान हलवली. नळ बंद केला, हात पँटला पुसले, चपला घातल्या.

वहिनी दारात आली. "कुठी चालले?"

"येतो."

बाबा अर्धे उठले खुर्चीतून आणि परत बसले. कोणी त्याच्या मागे गेलं नाही. जायला हवं होतं का? मला माहीत नाही, मी गेले नाही.

वहिनीने चहा केला. पाच कप ओतले. चार आम्ही घेतले, पाचव्यावर तिने बशी झाकून ठेवली. अजून तसाच आहे.